चवदार तळ्याचा धडा
मुलांचा इतिहास, नागरिकशास्त्र व सामाजिक प्रश्नांचा गृहपाठ कसा घ्यावा?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समाजाला दिलेल्या त्रिसूत्रीत पहिले स्थान शिक्षणाला आहे. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढून मराठवाड्यातील मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले. त्या दारातून आपल्या तीन-चार पिढ्या आत गेल्या. आज खेड्यापाड्यातील आणि शहरांच्या वस्त्यांतील अनेक विहारांमधून संध्याकाळच्या अभ्यासिका चालतात. महाविद्यालयात शिकणारे ताई-दादा लहान भावंडांना शिकवतात. ही गोष्ट अभिमानाची आहे.

परंतु आमच्या पाहण्यात एक उणीव वारंवार आली आहे, आणि ती या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. अभ्यासिकेत गणित, इंग्रजी व विज्ञान यांच्याकडे कसून लक्ष दिले जाते. इतिहास, नागरिकशास्त्र आणि सामाजिक प्रश्न मात्र 'पाठ करून टाक' या तीन शब्दांत संपतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आघाडीवर असणारे, भीमगीते तोंडपाठ असणारे आपले मूल 'महाडच्या सत्याग्रहाचे महत्त्व सांगा' या प्रश्नाला दोन वाक्ये लिहून थांबते. उरलेली जागा ते गौरवाच्या विशेषणांनी भरते, किंवा गाईडमधले, अलीकडे मोबाईलवरचे, उतारे जसेच्या तसे उतरवते. शिक्षक त्याला पाचांपैकी दोन गुण देतात. गुणांचे नुकसान लहान आहे. आपला इतिहास आपल्याच मुलाला सांगता येऊ नये, हे नुकसान फार मोठे आहे.

म्हणून एकच प्रश्न हाती घेऊन, त्यातून तिन्ही विषय कसे शिकवता येतात, हे या लेखात दाखविण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. तो प्रश्न महाडच्या चवदार तळ्याचाच घेऊ.

१. प्रथम क्रम, मग महत्त्व

मुलाने वही उघडली की आपण लगेच उत्तर सांगू लागतो. हा मोह टाळावा. आधी त्याला काय ठाऊक आहे ते विचारावे. बहुतेक मुले सांगतात, 'बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्यायले आणि मनुस्मृती जाळली.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु मुलाच्या मनात त्या एकाच दिवशी घडलेल्या असतात. त्यांच्यामध्ये नऊ महिने होते, आणि त्या नऊ महिन्यांतच या घटनेचा खरा अर्थ दडलेला आहे. यासाठी कागदाची एक लांब पट्टी घ्यावी आणि तिच्यावर मुलांकडूनच पुढील टप्पे लिहून घ्यावेत.

४ ऑगस्ट १९२३ : मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता.

जानेवारी १९२४ : महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला.

१९ व २० मार्च १९२७ : महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. २० मार्चला परिषदेतील स्त्रीपुरुष शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी प्रथम पाणी प्राशन केले, त्यामागोमाग इतरांनी. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी अफवा उठवून प्रतिनिधींवर हल्ले करण्यात आले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. पुढे सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली.

३ एप्रिल १९२७ : 'बहिष्कृत भारत' पाक्षिक सुरू.

४ ऑगस्ट १९२७ : महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ : विरोधकांनी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली व तिच्यात मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा हुकूम मानून या वेळी तळ्यावर पाणी भरण्यास जाणे तहकूब ठेवण्यात आले.

१७ मार्च १९३७ : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने.

पट्टी पूर्ण झाली की मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतात. आमच्या अनुभवात सर्वांत आधी येणारा प्रश्न असा असतो : 'ठराव १९२३ साली झाला होता, नगरपालिकेनेही तळे खुले केले होते, मग १९२७ साली जावे का लागले?' ज्या क्षणी मूल हा प्रश्न विचारते त्या क्षणी त्याचा इतिहासाचा अभ्यास सुरू झाला असे समजावे. याचे उत्तर आपण देऊ नये. पट्टीकडे बोट दाखवून त्याच्याकडूनच काढून घ्यावे. कागदावर मिळालेला हक्क भीतीपोटी कोणी बजावत नव्हते, आणि न बजावलेला हक्क नसल्यासारखाच असतो. तो बजावण्यासाठी माणसे तळ्यावर गेली. महत्त्व सांगा म्हणजे हे सांगा.

दुसरी एक गोष्ट येथेच शिकवावी. परिषदेला किती लोक होते, याचे आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे दिलेले आढळतात. मूल गोंधळते आणि 'यातला खरा कोणता?' असे विचारते. अशा वेळी आपल्याला आवडणारा मोठा आकडा सांगून मोकळे होऊ नये. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, तो स्वतः तेथे हजर होता काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड अनेक ग्रंथालयांत मिळतात. वरच्या वर्गातील मुलांना ते प्रत्यक्ष हाताळू द्यावेत. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच शिकविले होते. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश इतिहासाच्या वहीलाही लागू आहे.

२. त्याच तळ्यातून नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्र मुलांना कोरडे वाटते, कारण त्यातल्या संस्था त्यांना माणसांच्या आयुष्यात काम करताना दिसत नाहीत. चवदार तळ्याच्या पट्टीवर त्या सगळ्या दिसतात. लाल पेन्सिलीने मुलांना संस्थांची नावे अधोरेखित करायला सांगावीत : कायदे कौन्सिल, नगरपालिका, न्यायालय. मग प्रत्येकीचे काम विचारावे.

कौन्सिलने ठराव केला. ठराव आणि कायदा यांत फरक आहे. ठराव ही शिफारस असते. तो मोडला म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. नगरपालिका ही स्थानिक संस्था. तिने तळे खुले केले आणि दबाव येताच तीच मागे फिरली. न्यायालयाने आधी मनाई केली आणि नऊ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर न्याय दिला. एवढे समजले की कायदेमंडळ, कार्यकारी संस्था आणि न्यायसंस्था हे तीन शब्द पाठ करावे लागत नाहीत.

यापुढचा भाग आठवीच्या पुढील मुलांसाठी आहे, परंतु तो अवश्य सांगावा. १९३७ सालचा निकाल कोणत्या आधारावर लागला? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, असा विरोधकांचा दावा होता आणि तो त्यांना सिद्ध करता आला नाही. म्हणजे सर्व माणसे समान आहेत म्हणून तो निकाल लागलेला नाही. रूढी जुनी असल्याचा पुरावा अपुरा पडला म्हणून लागला. 'आणि पुरावा पुरला असता तर?' असे मुलांना विचारावे. वर्ग क्षणभर शांत होतो. त्या शांततेत संविधान उघडावे.

कलम १३ सांगते की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरेल. आणि कायदा या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी व परिपाठ यांचाही समावेश तेथे केलेला आहे. रूढी कितीही जुनी असो, समतेच्या हक्कापुढे तिचे वय आता विचारले जात नाही. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्याच्या शेजारी १९२३ च्या ठरावाचा आशय ठेवून मुलांना साम्य शोधू द्यावे. सार्वजनिक पैशाने राखलेला पाणवठा ही कल्पना दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की १९२३ साली ती शिफारस होती व २६ जानेवारी १९५० पासून तो मूलभूत हक्क झाला. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तिच्या आचरणाला शिक्षा देणारा कायदा १९५५ साली आला, १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले, आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा संमत झाला. हक्काचा भंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग कलम ३२ ने दिला आहे.

असे शिकविले म्हणजे कलमांचे आकडे पाठ करण्याचे ओझे राहत नाही. प्रत्येक कलमामागे एक तळे, एक रस्ता, एक शाळा उभी दिसते.

येथेच एक नेहमीची गल्लतही दूर करावी. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली; बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली; संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णतः अमलात आले. मुले शेवटच्या दोन तारखांची अदलाबदल करतात. 'घर बांधून झाले तो दिवस आणि आपण राहायला गेलो तो दिवस' एवढा दाखला दिला की पुन्हा चूक होत नाही.

३. तळ्यापासून आपल्या नळापर्यंत

तिसरा भाग सामाजिक प्रश्नांचा. शाळेत 'पाणीप्रश्न', 'विषमता', 'स्त्री-पुरुष समानता' अशा विषयांवर प्रकल्प करायला सांगतात. मुले दुकानातून चित्रांचे तक्ते आणून चिकटवतात. त्याऐवजी त्यांना आपल्याच वस्तीत पाठवावे. चार मुलांच्या गटाला एक वही द्यावी आणि पुढील गोष्टी नोंदवायला सांगाव्यात : वस्तीत सार्वजनिक नळ, विहिरी किंवा हातपंप किती? पाणी कोणत्या वेळी व किती वेळ येते? घरात पाणी कोण भरते, मुलगा की मुलगी, आई की वडील? नळ बिघडला तर तक्रार कोठे करतात, आणि मागील तक्रारीचे काय झाले?

ही पाहणी वस्तीच्या परिचयाच्या भागात, दिवसाउजेडी आणि एका मोठ्या माणसाच्या सोबतीने करावी. कोणाच्या दारात उभे राहून जात विचारू नये. जे डोळ्यांना दिसते व लोक आपणहून सांगतात तेवढेच लिहावे. ऐकीव गोष्टीपुढे 'ऐकलेले' असा शेरा मारावा.

पाहणीतून नागरिकशास्त्राचा पुढचा धडा आपोआप निघतो. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, त्यांत पिण्याचे पाणी आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत, त्यांतही पाणीपुरवठा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. 'पाणी बाई भरते, मग पाण्याचा निर्णय कोण घेते?' हा प्रश्न मुलींना विचारून पाहावा. त्यांची उत्तरे मोठ्या माणसांनीही ऐकण्यासारखी असतात.

शेवटी मुलांकडून एक अर्ज लिहून घ्यावा, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला. विषय, मजकूर, मागणी, तारीख आणि पोच. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला, त्यानुसार माहिती साधारणपणे ३० दिवसांत द्यावी लागते, हेही सांगावे. अर्ज प्रत्यक्ष पाठवायचा की नाही हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. परंतु तो लिहिता येणे हे नागरिकाचे पहिले कौशल्य आहे. आपल्या मागच्या पिढीतील कित्येकांना अर्ज लिहून घेण्यासाठी दुसऱ्याच्या ओट्यावर ताटकळत बसावे लागे, हे मुलांनी विसरू नये.

४. उत्तर लिहिण्याची रीत

पाच गुणांच्या प्रश्नाला पाच पायऱ्या पुरतात : कारण, घटना, विरोध, परिणाम, महत्त्व. प्रत्येक पायरीला दोन-दोन वाक्ये. मुलाने आधी तोंडी सांगावे, मग पुस्तक मिटून लिहावे, मग पुस्तक उघडून स्वतःच तपासावे. ताई-दादांनी लाल शाईने उत्तर दुरुस्त करण्यापेक्षा चुकीच्या ओळीखाली फक्त रेघ मारावी आणि दुरुस्ती मुलाकडे सोडावी.

विशेषणांविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. 'महामानव', 'युगपुरुष', 'क्रांतिसूर्य' हे शब्द आपल्या हृदयातून येतात आणि वंदनेत, सभेत, मिरवणुकीत ते शोभतात. परंतु परीक्षेच्या उत्तरात एका विशेषणाऐवजी एक कारण लिहिले तर बाबासाहेबांची थोरवी वाचणाऱ्याला अधिक पटते. मनाईहुकूम आल्यावर हजारो जमलेल्या माणसांना तळ्यापासून परत फिरवणारा नेता केवढ्या धीराचा असेल, हे त्या घटनेतूनच कळते. तसेच या लढ्यात साथ देणाऱ्या इतर समाजांतील व्यक्तींची नावेही मुलांनी लिहावीत. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे आणि मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही नावे आपल्याच इतिहासाची आहेत. लढा माणसांविरुद्ध नव्हता, विषमतेविरुद्ध होता. हे मुलाला सांगावे लागत नाही, ही नावे लिहिताना ते त्याला आपोआप उमगते.

५. वर्गात बसलेले आपले मूल

आता ज्या गोष्टीविषयी पालक सहसा बोलत नाहीत ती बोलू. अस्पृश्यतेचा धडा वर्गात वाचला जातो तेव्हा काही वर्गांत इतर मुले वळून आपल्या मुलाकडे पाहतात. मूल मान खाली घालते. घरी आल्यावर ते काही सांगत नाही. फक्त त्या धड्याचा गृहपाठ करायचे टाळते. अभ्यासिकेत एखादे हुशार मूल नेमका हाच धडा 'नंतर करतो' म्हणू लागले तर ताई-दादांनी ते आळशीपणाचे लक्षण समजू नये.

अशा मुलाला उपदेश करू नये आणि सर्वांसमोर कारणही विचारू नये. शेजारी बसून वरील पट्टी त्याच्याबरोबर पुन्हा वाचावी आणि एकच विचारावे, 'या गोष्टीत लाज कोणाला वाटायला हवी? पाणी प्यायला गेलेल्यांना, की पाणी अडवणाऱ्यांना?' उत्तर ते मूल स्वतःच देते. त्याच्या पणजोबांचे नाव कोणत्याही पुस्तकात नसेल, पण त्या पिढीने जे सोसले व जे जिंकले त्यातूनच कलम १५ मधला 'विहीर' हा शब्द आला आहे, हे त्याला सांगावे. मान वर करायला आणखी काही लागत नाही. आणि वर्गात कोणी जातीवरून हिणवले असेल, तर पालकांनी गप्प बसू नये. प्रथम वर्गशिक्षकांना व मुख्याध्यापकांना भेटावे, शांतपणे परंतु लेखी सांगावे आणि पोच घ्यावी.

६. अभ्यासिकेसाठी काही सूचना

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गुरूची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शिष्याला चांगले वळण लावावे, शिकवलेले नीट समजले आहे याची खात्री करावी, आपल्याजवळची सर्व विद्या द्यावी, मित्रमंडळींत त्याच्याविषयी चांगले सांगावे आणि सर्व बाजूंनी त्याचे रक्षण करावे. अभ्यासिकेतील ताई-दादा वयाने लहान असले तरी त्या वेळेपुरते गुरूच आहेत. या पाच कर्तव्यांच्या आधारे आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

(अ) आठवड्यातून किमान एक संध्याकाळ केवळ इतिहास व नागरिकशास्त्रासाठी ठेवावी.
(आ) उत्तर सांगू नये, उत्तरापर्यंत नेणारा प्रश्न विचारावा.
(इ) आपल्याला ठाऊक नसेल तर 'उद्या पाहून सांगतो' असे म्हणावे आणि उद्या खरोखर सांगावे.
(ई) मोबाईलवरील माहिती पाठ्यपुस्तकाशी व एखाद्या विश्वसनीय ग्रंथाशी ताडून पाहिल्याखेरीज वहीत उतरवू देऊ नये.
(उ) विहारात भारतीय संविधानाची मराठी प्रत, जिल्ह्याचा नकाशा आणि शब्दकोश हाताशी असावा. ग्रंथ कपाटात कुलपात ठेवण्यासाठी नसतात.
(ऊ) मुलींना घरकामामुळे उशीर होत असेल तर वेळ त्यांच्या सोयीने बदलावी. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाईंनी ज्यासाठी चिखल-शेण झेलले ते घागरीपायी थांबता कामा नये.

पालकांनाही एक विनंती. आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार, असे अनेक माता-पिता म्हणतात. त्यांनी अभ्यास घेऊ नये, आपल्या लहानपणीची हकीकत सांगावी. आपल्या गावची विहीर कोठे होती, पाणी कोण वाढी, शाळेत कोठे बसवीत, नामांतराच्या वेळी वस्तीत काय घडले, हे त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले. ठराव आणि अंमलबजावणी यांत पुन्हा एकदा सोळा वर्षे गेली. ती वर्षे पाहिलेली माणसे आज आपल्या घरांत आहेत. मुलांनी वही-पेन घेऊन त्यांच्यापुढे बसावे, तारीख घालून त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. तोही इतिहासाचा गृहपाठच आहे, आणि तो लवकर करावयास हवा, कारण ती माणसे कायम राहणार नाहीत.

इतिहास पाठ केलेला मुलगा परीक्षेपुरता हुशार असतो. इतिहास समजलेली मुलगी उद्या ग्रामसभेत उभी राहून, ठराव झाला होता तर अंमलबजावणी का झाली नाही, असे विचारते. आपल्या अभ्यासिकांतून अशा मुली आणि मुले घडावीत यासाठी प्रत्येक उपासक-उपासिकेने आठवड्यातील दोन तास द्यावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. जयभीम!